कुलदीप सरांचा कारागीर

मोताळ्यात जपानचे खेळ चालू करून देणारा माणूस राहतो, असं सांगितलं तर मोताळ्यातलीच माणसं तुम्हाला वेड्यात काढतील. पण राहतो. संघपाल दयाराम हिवराळे त्याचं नाव, वय एक्केचाळीस, बाजाराच्या वाटेवर बियाण्याच्या दुकानाला पाठ लावून सात बाय नऊची त्याची खोली. वर पाटी ‘दयाराम रेडिओ’. दयाराम म्हणजे त्याचे वडील; त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली आणि रेडिओ घेऊन तर त्याआधीपासूनच कोणी येत नव्हतं. येतात ते मिक्सर, पंखे, फवारणीच्या पंपाचे चार्जर. आणि आठवड्यातून दोन-तीनदा कुरियरवाला येतो, पुण्याचं, बंगळुरूचं, कधी कोचीचं खोकं घेऊन, आणि बाजूचा बियाणेवाला मान लांब करून बघतो की ह्या गड्याला एवढं पाठवतं तरी कोण.

काम ऐकायला सोपं आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे ते टीव्हीला जोडून खेळायचे कॅसेटचे गेम. आपल्या वाट्याला तेव्हा त्यांच्या नकला आल्या, अस्सल राहिले जपानात आणि अमेरिकेत. आता शहरातली कमावती माणसं लहानपणाची हौस भागवायला ते बाहेरून मागवतात. मशीन येतं, सोबत त्या देशाचं अडॅप्टर येतं आणि तिथंच घोळ होतो. जपानच्या भिंतीत शंभर व्होल्ट. अमेरिकेच्या भिंतीत एकशेवीस. आपल्या भिंतीत कागदोपत्री दोनशेतीस, आणि मोताळ्यात विचाराल तर शेतातल्या मोटारी सुरू असताना एकशेऐंशी, बंद झाल्या की दोनशेसाठ. तिकडचं अडॅप्टर इकडे खोचलं की भप्पकन धूर. मग हौशी माणूस काय करतो? घरात जे दुसरं सापडेल, ज्याची पिन भोकात बसेल, ते लावतो. अहो, पिन बसली म्हणजे सोयरीक जमली असं असतं का? एका मशीनला डीसी लागतो, त्याच्याच अमेरिकेतल्या भावाला एसी. एकाला पिनेच्या मधोमध प्लस हवा, दुसऱ्याला मायनस. बाहेरून सगळ्या पिना सारख्या, काळ्या, गोल. चुकलात की आत काहीतरी मेलंच.

संघपाल प्रत्येक मशीनसाठी वेगळा पुरवठा, म्हणजे आपल्या विजेवर चालणारं अडॅप्टर, बनवतो. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळतो, तांब्याची तार बोटांतून सोडत, वेढे तोंडानं मोजत. मोजत असताना बायको सारिका जेवायला बोलवायला आली तरी तो नुसतं भुवई उचलून ‘थांब’ म्हणतो. मोताळ्याच्या लाइनवर, मोटारी चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा, असं दोनदा चालवून पाहिल्याशिवाय त्यानं एक नग बाहेर पाठवला नाही. मोताळ्याची लाइन ज्यानं पचवली त्याला पुण्याची लाइन म्हणजे खिचडी.

शेवटी खूण. सारिकाच्या नेलपॉलिशनं पिनेवर एक ठिपका आणि तोच ठिपका मशीनच्या भोकाजवळ. मधोमध मायनस असेल तर लाल, प्लस असेल तर पांढरा. तुम्ही म्हणाल, उलटं झालं, जगभर लाल म्हणजे प्लस. असेल जगभर. दयाराम रोहिणखेडच्या बाजारात सतरंजी टाकून ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचे, त्या जुन्या ट्रान्झिस्टरांत प्लस सांगाड्याला जोडलेला असे आणि जिची भीती बाळगायची ती तार मायनसची. म्हणून दयारामनी मायनसला लाल केलं आणि पोरालाही तेच शिकवलं. गिऱ्हाइकाला प्लस-मायनसचं काय करायचंय? लाल लालला, पांढरं पांढऱ्याला, विषय संपला. त्याच्या वहीतही तसंच होतं: दोनशे पानं, प्रत्येक पानावर एक मशीन, कुठल्या देशाचं, किती व्होल्ट, एसी का डीसी, आणि पेनानं काढलेला लाल किंवा पांढरा गोळा. वही त्याच्या स्वतःसाठी होती, त्यामुळे लाल म्हणजे काय हे त्यानं कुठं लिहून ठेवलं नव्हतं.

आता कुलदीप.

कुलदीप आणि संघपाल पाचवीपासून एका बाकावर. एकाच्या डब्यातली भाकर, दुसऱ्याच्या डब्यातला ठेचा. कुलदीपचे वडील उत्तमराव गावातले वजनदार, पण पोरगा कधी तोऱ्यात वागला नाही, हे संघपालही कबूल करतो. कुलदीप दोन वर्षं पुण्यात राहून आला, इंग्रजी फाडफाड, मोबाइलचं दुकान टाकलं. सहा वर्षांपूर्वी नारायणराव पाटलांच्या जावयानं जपानहून आणलेला गेम पहिल्याच दिवशी धुरात गेला आणि संघपालनं तो जिवंत केला, तेव्हा त्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकणारा कुलदीपच. तिथून सगळं सुरू झालं. बाहेरच्या लोकांचे मेसेज इंग्रजीत यायचे. संघपालचं इंग्रजी म्हणजे पार्टावर छापलेले आकडे वाचण्यापुरतं.

“तू हाताचं काम कर, तोंडाचं मी पाहतो,” कुलदीप म्हणाला होता.

आणि पाहत होता. पैशाचं कधी वाकडं झालं नाही, तेही सांगून टाकतो, नाहीतर तुमचं मन तिकडेच जाईल. आलेलं संघपालच्या खात्यात जमा व्हायचं. म्हणून तर संघपालला संशय यायला जागाच नव्हती. दीड वर्षापूर्वी कुलदीप म्हणाला, “वही जळली-भिजली त काय करशीन बे? फोटो काढून ठेवतो.” संघपालला भरून आलं होतं. घरी येऊन सारिकाला म्हणाला, “सख्खा भाऊबी एवढा इचार नाही करत.”

केसानं गळा कापणारा माणूस आधी केसांवरून हात फिरवतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

परवाच्या मार्चमधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. संघपाल तार गुंडाळत होता, तोंडानं “चारशे नऊ, चारशे दहा” चाललेलं, तेवढ्यात दारात पांढरी गाडी थांबली. चाळिशीच्या एक बाई उतरल्या, छातीशी खोकं धरलेलं.

“दादा, कुलदीप सर इथंच बसतात ना? पार्सलवर पत्ता हाच होता, पण पाटी वेगळीच दिसली.”

“कोन सर?”

“कुलदीप सर. ते जुन्या गेमचे पॉवर सप्लाय बनवतात ते. मी मंजुश्री, पुण्याहून आले. औरंगाबादला भावाकडे आले होते, म्हटलं इतकं जवळ आलोय तर सरांना भेटूनच जावं.”

संघपालला वाटलं, बाईंची गफलत झाली असेल. मेसेज कुलदीप करतो, त्यामुळे बाहेरच्याला तसं वाटणारच. त्यानं स्टूल पुसून पुढं केलं आणि म्हणाला, “येते थो. बसा तुमी. मशीनले काय झालं?”

बाईंनी खोकं उघडलं. दोन मशीनं, दोन्ही जपानी, एकाच जातीची. एक मेलेलं, एक धडधाकट. त्या सांगायला लागल्या: त्यांच्याकडे चौदा जुनी मशीनं आहेत, येत्या रविवारी पुण्यात त्यांचं प्रदर्शन आहे, लोकांना प्रत्यक्ष खेळायला मिळणार. काहींचे पुरवठे इथून बनवून घेतलेले आहेत, ते बिनतक्रार चालतात. बाकीच्यांना, घाई म्हणून, पुण्यातच अडॅप्टर घेतले आणि सरांनी नेटवर टाकलेल्या तक्त्याप्रमाणे लावले. पहिलंच लावलं आणि गेलं.

“कोनता तक्ता?” संघपालनं विचारलं.

बाईंनी फोन पुढे केला. पडद्यावर रेघा मारलेला, सुबक, इंग्रजीत छापलेला तक्ता. इंग्रजी वाचायची गरजच नव्हती. तोच क्रम. पहिलं नारायणरावांच्या जावयाचं मशीन, दुसरं कोचीच्या डॉक्टरांचं. वहीच्या आठव्या पानावर त्यानं एक आकडा खोडून बाजूला लिहिला होता, तक्त्याच्या आठव्या ओळीत तोही बाजूलाच छापलेला. वर कुलदीपचा हाताची घडी घातलेला फोटो आणि खाली कुलदीपचं नाव. आणि जिथं जिथं त्याच्या वहीत लाल गोळा होता, तिथं तिथं छापलं होतं: मधोमध प्लस.

इथून बनवलेले पुरवठे का जळाले नाहीत हे त्याला उभ्या उभ्या कळलं. त्यांना तक्त्याची गरजच नव्हती, लाल लालला बसत होतं. बाजारचं अडॅप्टर घेऊन जो तक्ता वाचेल, त्याचं मशीन मरणार. दयारामची खूण, संघपालची वही आणि चोराला ती वाचताही आली नाही! आयत्या बिळावर नागोबा बसतो खरा, पण बीळ कुठं वळतं हे त्याला कुठून ठाऊक असणार?

“मी सरांना कळवलं लगेच,” मंजुश्रीबाई म्हणाल्या, “आणि त्यांचा मोठेपणा बघा, लगेच उत्तर आलं. थांबा, वाचून दाखवते. ‘अत्यंत दिलगीर आहे. तक्ता माझ्या हाताखालच्या माणसाने तयार केला होता. संघपाल त्याचं नाव. हाताने बरा आहे, पण समज कमी. त्याच्या हातून चूक झाली. मी त्याला समज दिली आहे.’”

सहा वर्षं. शेकडो मेसेज. त्या सगळ्या मेसेजांत संघपाल हे नाव पहिल्यांदा आलं होतं, आणि ते असं आलं होतं.

“तो संघपाल म्हणजे तुम्हीच का?” बाईंनी हळूच विचारलं.

“हाव.”

“अहो, मी रागावले नाहीये हं. चूक होते माणसाकडून. मनाला लावून घेऊ नका.”

बाई मनानं चांगल्या होत्या, तेच वाईट. खेकसल्या असत्या तर तोही खेकसला असता. त्याच्या जिभेवर सगळं आलं होतं: वही, वडील, लाल ठिपका, कोचीचा डॉक्टर. पण त्याला वाटलं, आधी त्याच्या तोंडून ऐकू. पाचवीपासूनचा आहे, काहीतरी कारण असेल, येऊन म्हणेल की मॅडम, गैरसमज झाला. माणूस किती वेडा असतो बघा! डोळ्यांनी वाचलं, कानांनी ऐकलं, तरी दोस्तासाठी एक खुर्ची रिकामी ठेवतोच. त्यानं फोन लावला. “पुण्याच्या मॅडम आल्या, ये,” एवढंच म्हणाला आणि मेलेलं मशीन उघडायला घेतलं.

आतला फ्यूज आणि एक डायोड गेला होता, बाकी वाचलं होतं. त्यानं दोन्ही बदलले. हात नेहमीसारखेच चालत होते, फक्त कथलाचा डाग देताना, धूर डोळ्यांत गेल्यासारखं करून, त्यानं दोनदा तोंड वळवून डोळे पुसले.

कुलदीप आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. दाराशीच बाईंना हात जोडले आणि मग संघपालकडे न बघता, पुणेरी मराठीत म्हणाला, “संघपाल, मॅडमना पाणी दिलंस का?”

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्याला संघपाल म्हटलं. इतकी वर्षं ‘संघ्या’ नाहीतर नुसतं ‘बे’. आणि तो आवाज आज काढलेला नव्हता. फोनवर, संघपालच्या पाठीमागे, कितीतरी वेळा वापरून गुळगुळीत झालेला आवाज होता तो. आता विचारायचं काही उरलं नाही, हे संघपालला समजलं. रिकामी ठेवलेली खुर्ची त्यानं मनातल्या मनात उचलली.

बाई उत्साहानं बोलत होत्या. रविवारी सरांचं भाषण आहे, बॅनर छापून झाले, लोक विचारतायत की सर खरंच मशीनला हात लावून दाखवणार का. संघपाल ऐकत होता. त्याला कुलदीपनं सांगितलं होतं की रविवारी पुण्याला आत्येभावाचा साखरपुडा आहे.

“मॅडम,” संघपाल मध्येच म्हणाला, “हे एक मशीन झालं नीट. दुसरं सरच लावून दाखवतीन. तुमचंच अडॅप्टर हाये, सराइच्या हातानं होऊ द्या.”

बाईंनी पर्समधून बाजारचं अडॅप्टर काढलं. त्याच्या पिनेची टोपी फिरवून लावता येते: एका बाजूनं लावली तर मधोमध प्लस, दुसरीकडून मायनस. कुलदीपनं संघपालकडे पाहिलं. संघपालनं डोळे हलवले नाहीत. बाई समोर. नाही कसं म्हणणार? कुलदीपनं फोनवर आपलाच तक्ता उघडला (चूक कबूल केली होती ती बाईंना शांत करायला, तक्ता त्याला अजून बरोबरच वाटत होता), ओळ शोधली, टोपी वळवली, मधोमध प्लस केला, आणि पिन मशीनमध्ये खोचली. अगदी सफाईनं. मग हात भिंतीवरच्या बटनाकडे गेला.

एवढंच करायचं होतं संघपालला: गप्प बसायचं. बाईंच्या डोळ्यांदेखत धूर निघाला असता आणि सहा वर्षांचा निकाल एका क्षणात लागला असता. साक्षीपुरावा नको, बोलणं नको, इंग्रजी तर नकोच. त्यानं ठरवलंही होतं. खरंच ठरवलं होतं.

पण ते मशीन पस्तीस वर्षं जगून, समुद्र ओलांडून, पुण्याहून मोताळ्याला त्याच्या टेबलावर आलं होतं, आणि त्याच्या टेबलावर आजवर काही मेलं नव्हतं. कुलदीपचं बोट बटनावर पडायच्या आत ह्याचा हात पुढं गेला आणि त्यानं पिन उपसून काढली.

“उलटं हाये,” तो म्हणाला. “मधात मायनस लागते. तक्ता चुकीचा हाये.”

बाईंनी कुलदीपकडे पाहिलं. कुलदीपचा चेहरा एक क्षण, एकच क्षण, पाचवीतल्या पोरासारखा झाला. आणि मग तो हसला. मोकळं, घरंदाज हसू.

“पाहिलंत मॅडम? मुद्दाम उलटं लावलं मी. म्हटलं बघू, समज दिल्यापासून सुधारलाय का. पकडलं त्यानं! अहो, तक्त्यात हीच चूक केली होती ह्यानं. आता जन्मात करणार नाही.”

बाई टाळी वाजवायच्याच बाकी होत्या. “कमाल आहे हं! छान तयार केलंय तुम्ही यांना. सर, रविवारी स्टेजवर हे असंच करून दाखवा. यांनाही आणा ना सोबत.”

“बघतो,” कुलदीप म्हणाला, “पण मग दुकान कोण सांभाळणार?”

दुकान! दयाराम हिवराळेंचं दुकान! संघपालनं तोंड उघडलं. “मॅडम, हे वही माही हाये. लाल खूण माह्या बाबाची. तक्ता यानं माह्या वहीवरून...” पण बोलताना त्याचा आवाज चढला, शब्द एकमेकांत अडकले, आणि बाईंच्या चेहऱ्यावर ती दया आली, चूक पकडली गेलेल्या माणसाकडे पाहताना येते ती. कुलदीपनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाईंना डोळ्यांनीच ‘मनावर घेऊ नका’ म्हटलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ससा कोणी मारला, कोणी विचारत नाही.

तरीही संघपालनं काम अर्धं सोडलं नाही. बाईंच्या वहीत त्यानं उरलेल्या सगळ्या मशीनांपुढं स्वच्छ, मोठ्या अक्षरात लिहून दिलं: मधोमध मायनस, मधोमध प्लस, ह्याला एसी, ह्याला डीसी. रंगाची भानगड ठेवली नाही. त्या चौदातलं एकही जळू नये म्हणून. बाईंनी आभार मानले. दोघांचेही मानले, आधी कुलदीपचे. गाडी बुलढाण्याच्या रस्त्याला लागली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर कुलदीपचा आवाज परत मोताळ्याचा झाला.

“राग नोको धरू बे, संघ्या. चाल, चा पेऊ.”

“काऊन केलं तू असं?”

“काय केलं? तुह्या खात्यात एक रुपया कमी आला का कधी?”

“मी पैसा इचारला का तुले? मी इचारून राह्यलो, माहं नाव काऊन नाही सांगतलं? अन् सांगतलं त चुकीच्या टायमालेच काऊन सांगतलं?”

कुलदीप दुसरीकडे बघत, समजूत घातल्यासारखा म्हणाला, “हे पाह्य, खरं सांगू? संघपाल हिवराळे वाचलं का लोकाले समजते तू कोन थे. तुलेबी माहीत हाये. मी नाही तसा, पन लोक हायेत. एवढं महागाचं मशीन कोणी तुह्या नावावर पाठवलं असतं का? म्या माहं नाव लावलं म्हून तुहं काम चाललं. तुह्याच भल्यासाठी.”

पाचवीपासून एका डब्यात जेवलेल्या माणसाच्या तोंडून हे आलं. ठेचा खाल्लेल्या त्याच तोंडातून. संघपालला आधी राग आला, आणि मग तोही गेला.

“पाठवलं असतं का नसतं,” तो म्हणाला, “थे तू मले पाहू तरी द्याचं होतं, कुलदीप. कोचीच्या डाक्टरनं पाठवलं असतं का, ह्या मॅडमनं पाठवलं असतं का. एखाद्यानं नसतंबी पाठवलं, मी समजून घेतलं असतं, हे नवं थोडीच हाये मले. पन सगळ्याइच्या वतीनं तू एकट्यानंच ‘नाही’ म्हणून टाकलं. दुसऱ्या कोणी मले नाही म्हटलंच नाही आजपावतर.”

कुलदीप चावी बोटाभोवती फिरवत उभा राहिला. “उद्या येतो,” म्हणाला.

“नोको येऊ,” संघपाल म्हणाला, आणि अर्धी राहिलेली तार उलगडून पहिल्या वेढ्यापासून मोजायला बसला.